कूफ्याचे कापड-व्यापारी : इमाम अबू हनीफा (रह.) यांची कमाई आणि त्यांचा नकार

आपल्या घरांत पैशाविषयी दोन प्रकारचं बोलणं कानावर येतं. एखाद्या मय्यतीवरून परतताना म्हटलं जातं की दुनिया चार दिवसांची आहे, पैशाच्या मागे लागून काय मिळणार. त्याच रात्री दस्तरखानावर पोराला समजावलं जातं की बाबा, काहीही कर पण कमाव, पैशाशिवाय जगात कुणी विचारत नाही. मूल दोन्ही ऐकतं आणि गोंधळून जातं. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. चाळिशीच्या आत एवढे पैसे साठवा की पुन्हा काम करायला नको, असं सांगणारे व्हिडिओ आमच्या दहावीतल्या मुलांनाही तोंडपाठ आहेत. काम करायचं नाही, मग करायचं काय, हे मात्र त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही.

अशा वेळी आम्हाला एका माणसाची आठवण येते. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान ज्यांच्या फिकहप्रमाणे नमाज पढतात, ते इमाम आझम अबू हनीफा (रह.). त्यांचं नाव घराघरांत आहे. पण त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ते नावाजलेले व्यापारी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते दुकान बाजूला ठेवलं तर त्यांचं आयुष्य नीट समजत नाही, असं आमचं मत आहे. म्हणून आज त्यांच्या इल्मइतकंच त्यांच्या कमाईविषयी सांगावंसं वाटतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यांच्याविषयीच्या बऱ्याच हकिगती खतीब बगदादी यांच्यासारख्या पुढच्या काळातल्या लेखकांनी जमा केल्या. उर्दू वाचकांपर्यंत त्या अल्लामा शिबली नोमानी यांच्या 'सीरतुन्नोमान'मुळे पोहोचल्या. रिवायतींमध्ये आकडे कमी-जास्त आहेत, तपशिलांत फरक आहेत. पण सगळ्यांतून दिसणारा माणूस एकच आहे.

बाजारातून मदरशाकडे

इमाम साहेबांचं मूळ नाव नोमान, वडिलांचं नाव साबित. घराणं फारसी वंशाचं. जन्म हिजरी सन 80, म्हणजे इ.स. 699 मध्ये इराकमधल्या कूफा शहरात झाला. हे शहर हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत वसवलं गेलं आणि पुढे हजरत अली (रजि.) यांनी त्याला राजधानी केलं. फुरात नदीच्या काठचं हे शहर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं, बाजार आणि इल्म. एका गल्लीत उंटांवरून माल उतरायचा आणि पलीकडच्या मशिदीत हदीस आणि फिकहचे दर्स चालायचे.

नोमान यांचं तरुणपण पहिल्या गल्लीत गेलं. घरचा धंदा 'खज्ज' कापडाचा. खज्ज म्हणजे रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं उंची कापड. हुशार मुलगा, बोलायला गोड, हिशोबाला पक्का. धंदा छान चालला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलगा सेटल झाला होता, आईवडिलांना आणखी काय हवं?

एके दिवशी कूफ्याचे मोठे आलिम इमाम शअबी यांनी त्यांना रस्त्यात थांबवून कुठे जातोस म्हणून विचारलं. नोमान यांनी बाजारातल्या एका व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. शअबी यांना ते विचारायचंच नव्हतं. कोणत्या आलिमाकडे शिकायला जातोस, हा त्यांचा प्रश्न होता. तसं फारसं कुणाकडे जात नाही, हे ऐकल्यावर त्यांनी या तरुणाला कळकळीने सांगितलं की तुझ्यात बुद्धीची चमक दिसते, ती वाया घालवू नकोस. ती गोष्ट मनाला लागली.

इथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. नोमान यांनी दुकान बंद केलं नाही. बाजारातलं जाणं कमी केलं आणि उरलेला वेळ इल्मला दिला. चरित्रकार हफ्स बिन अब्दुर्रहमान नावाच्या भागीदाराचा उल्लेख करतात. माल पाठवणं, विकणं हे काम बऱ्याच अंशी हफ्स बघायचे. सगळं मीच करीन, असा हट्ट धरणाऱ्याला दुसऱ्या कशालाच वेळ उरत नाही. भरवशाचा भागीदार शोधणं आणि त्याच्यावर काम सोपवणं, ही त्यांच्या मोकळ्या वेळेची खरी किंमत होती.

पुढे त्यांनी हम्माद बिन अबी सुलैमान यांच्या दर्समध्ये बसायला सुरुवात केली, ती थेट 18 वर्षं. मध्येच, दहा एक वर्षं झाल्यावर, आपला स्वतंत्र दर्स सुरू करावा असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात हम्माद यांना नातेवाइकाच्या वारसाहक्काच्या कामासाठी बसऱ्याला जावं लागलं आणि ते या शिष्याला आपल्या जागी बसवून गेले. दोन महिन्यांत साठ मसले असे आले ज्यांचं उत्तर त्यांनी गुरूकडून कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या बुद्धीने उत्तरं दिली आणि लिहून ठेवली. हम्माद परतले तेव्हा त्यांनी चाळीस उत्तरं मान्य केली आणि वीस चुकीची ठरवली. त्या वीस चुका पाहून नोमान यांनी ठरवलं की गुरू हयात असेपर्यंत ही जागा सोडायची नाही. हिजरी 120 (इ.स. 738) मध्ये हम्माद यांचा इंतकाल झाला आणि वयाच्या चाळिशीत अबू हनीफा त्यांच्या जागी बसले.

चाळिशीपर्यंत शिष्य म्हणून बसायला धीर लागतो. पण धीराबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे घरात चूल पेटती असणं. त्यांच्या दुकानाने ती पेटती ठेवली होती.

तराजू सरळ धरणारा व्यापारी

कमाई करणारे खूप असतात. ती कशी केली, हा खरा प्रश्न.

एक बाई रेशमी कपडा विकायला घेऊन आली आणि शंभर दिरहम मागितले. इमाम साहेबांनी कपडा पाहिला आणि हा यापेक्षा जास्त किमतीचा आहे असं सांगितलं. तिने शंभर वाढवले, पुन्हा तेच उत्तर. असं करत ती चारशेवर गेली आणि तरीही कपडा जास्त मोलाचा आहे हे ऐकल्यावर तिला वाटलं की आपली थट्टा चालली आहे. तेव्हा त्यांनी एका जाणकाराला बोलावून किंमत करायला सांगितली आणि शेवटी तो कपडा पाचशे दिरहमला घेतला. बाईला बाजारभाव ठाऊक नव्हता. तिच्या अज्ञानावर नफा कमवायला ते तयार नव्हते.

दुसरी हकिगत भागीदार हफ्स यांची. इमाम साहेबांनी माल पाठवताना कळवलं होतं की अमुक थानात दोष आहे, विकताना गिऱ्हाइकाला दाखवून दे. हफ्स विसरले आणि दोष न सांगता कापड विकलं गेलं. गिऱ्हाईक कोण हे आठवेना. इमाम साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी त्या मालाची पूर्ण रक्कम सदका करून टाकली. काहींनी ही रक्कम 30,000 दिरहम सांगितली आहे. दोष एका थानात, आणि दान सगळ्या रकमेचं! कारण त्या पैशांत नेमका कोणता हिस्सा चुकीचा, हे आता वेगळं काढता येत नव्हतं.

एकदा एक म्हातारी आली. मी गरीब आहे, मला खरेदीच्या भावात कापड दे, अशी तिची विनंती होती. त्यांनी चार दिरहम सांगितले. तिला वाटलं, म्हातारीची चेष्टा करतो की काय. मग त्यांनी हिशोब समजावून सांगितला. त्यांनी दोन कपडे एकत्र घेतले होते. त्यातला एक विकून जवळजवळ सगळी मुद्दल निघाली होती, फक्त चार दिरहम राहिले होते. म्हणजे या दुसऱ्या कपड्याची खरेदी किंमत चारच दिरहम.

या गोष्टी ऐकायला गोड वाटतात, पण त्यामागे बाजाराचं बारीक ज्ञान आहे. मुद्दल किती, नफा किती, दोष कुठे, सौदा कधी पक्का होतो, हे सगळं त्यांनी गल्ल्यावर बसून शिकलेलं होतं. हनफी फिकहमध्ये व्यवहाराचे मसले इतके खोलात जाऊन हाताळले गेले, त्यात या अनुभवाचा मोठा वाटा आहे. एकच उदाहरण घ्या. जी वस्तू अजून तयारच नाही ती विकता येत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण लोक तर मोच्याला माप देऊन जोडे शिवायला सांगतात आणि पैसेही ठरवतात. नियम काटेकोर लावला तर हा रोजचा व्यवहार नाजायज ठरेल. हनफी मजहबने लोकांची ही रीत आणि गरज लक्षात घेऊन असा सौदा जायज मानला. याला 'इस्तिस्ना' म्हणतात. आज सुताराला कपाटाची ऑर्डर देताना आपण याच सवलतीचा फायदा घेतो.

किती पुरे, हे ठरवलेलं होतं

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इमाम साहेबांनी भरपूर कमावलं, पण किती ठेवायचं याची एक रेघ आखून घेतली होती. रिवायतीत येतं की चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी आपल्याजवळ 4,000 दिरहमपेक्षा जास्त रक्कम साठू दिली नाही. वर्षाकाठी त्याच्यावर जे उरेल ते वाटून टाकायचे. या आकड्याला आधार हजरत अली (रजि.) यांच्या एका मताचा होता. चार हजारांपर्यंतची रक्कम घरखर्चाची गरज समजावी, असं ते मत होतं.

चार हजार म्हणजे किती? जकातचा चांदीचा निसाब 200 दिरहम असतो आणि आपल्याकडे तो सुमारे 612 ग्रॅम चांदी धरला जातो. म्हणजे 4,000 दिरहम हे निसाबच्या वीसपट, जवळपास 12 किलो चांदी झाली. ही फकिरी नक्कीच नाही. घरच्यांवर वाईट वेळ आली, धंदा बसला, आजारपण निघालं तरी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी ती रक्कम होती. त्यांनी आधी घर सुरक्षित केलं आणि मग हात मोकळा सोडला. आपल्यापैकी काहीजण उलटं करतात. एक तर घरच्यांना अडचणीत ठेवून मोठेपणाने वाटतात, नाहीतर बारा किलोनंतर बाराशे किलोची हाव धरतात.

वाटण्याची पद्धतही ठरलेली होती. धंद्याचा नफा वर्षभर जमा करायचा, त्यातून आलिम आणि मुहद्दिस मंडळींच्या गरजेचं सामान, धान्य, कपडे घ्यायचे आणि उरलेली रोकडही त्यांनाच द्यायची. देताना बजावून सांगायचे की माझे आभार मानू नका, अल्लाहचे माना, कारण हे माझं नाही, तुमच्या वाट्याचं होतं आणि माझ्या हातून तुम्हाला मिळालं. घरच्यांसाठी जेवढा खर्च करतील तेवढाच सदका, आणि स्वतःला नवे कपडे शिवले की तेवढ्याच किमतीचे कपडे एखाद्या आलिमाला, असा शिरस्ता होता.

दिखावा नव्हता तसं फाटकेपणाचं कौतुकही नव्हतं. ते स्वतः नीटनेटके, चांगले कपडे घालायचे. एकदा मजलिसमध्ये एक माणूस अगदी मळक्या, जुनाट कपड्यांत बसलेला दिसला. सगळे उठून गेल्यावर त्याला थांबवलं आणि जानमाज उचलून खालची रक्कम घ्यायला सांगितलं. हजार दिरहम होते. त्या माणसाने सांगितलं की मी खाऊनपिऊन सुखी आहे, मला गरज नाही. तेव्हा इमाम साहेबांनी त्याला समजावलं की अल्लाहने दिलेली नेमत बंद्याच्या अंगावर दिसायला हवी. तुला असं पाहून तुझ्या मित्रांना काळजी वाटेल असं राहू नकोस.

घर, आई आणि आठवड्याचा हिशोब

दुकान, दर्स, इबादत हे सगळं एका माणसाने कसं सांभाळलं असेल? रिवायतींतून त्यांच्या आठवड्याची थोडी कल्पना येते. दर्सचा वेळ ठरलेला, बाजारात बसायचा वेळ ठरलेला. शनिवारी दर्सही नाही आणि बाजारही नाही, तो दिवस घरच्या आणि मालमत्तेच्या कामांसाठी राखलेला. जुम्याच्या दिवशी मित्रांना आणि शिष्यांना घरी बोलावून चांगलंचुंगलं जेवू घालायचं. प्रत्येक कामाला आपला दिवस मिळायचा, म्हणून एकाने दुसऱ्याला खाल्लं नाही.

आईचा एक किस्सा तर प्रत्येक घराने ऐकावा असा आहे. साऱ्या कूफ्याने ज्यांचा फतवा मानावा त्यांची आई मात्र मुलाचं उत्तर मानायला तयार नसायची! तिचा विश्वास जुरआ नावाच्या एका वाइजवर. एकदा तिने हट्ट धरला की मला त्याच्याकडेच घेऊन चल. इमाम साहेब मुकाट्याने आईला घेऊन गेले. त्यांना दारात पाहून तो बिचारा गडबडला. इमाम साहेबांनी स्वतःच त्याला मसला सांगितला, उत्तरही सांगितलं आणि तेच आईला सांगायला लावलं. आई समाधानाने घरी आली. एवढ्या मोठ्या माणसाला यात कमीपणा वाटला नाही.

आम्ही पेशाने शिक्षक, म्हणून आणखी एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा मुलगा हम्माद (गुरूंचंच नाव मुलाला ठेवलं होतं) सूरह फातिहा शिकला, तेव्हा त्यांनी त्याच्या उस्तादांना 500 दिरहम पाठवले. उस्ताद संकोचले, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे कशाला म्हणून. इमाम साहेबांनी कळवलं की माझ्या मुलाला तुम्ही जे शिकवलं त्याला लहान समजू नका, जवळ आणखी असते तर आणखी दिले असते. आज लग्नाच्या मंडपाला लाखो रुपये मोजणारे आपण मकतबच्या हाफिज साहेबांच्या महिन्याच्या पगारावर किती घासाघीस करतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

एका शिष्यावर लावलेलं भांडवल

त्यांच्या दर्समध्ये याकूब नावाचा एक गरीब मुलगा बसायचा. घरची परिस्थिती अशी की पोराने शिकत बसणं परवडणारं नव्हतं. घरच्यांनी त्याला दर्समधून उठवून कामावर लावलं. मुलगा दिसेना म्हणून इमाम साहेबांनी चौकशी केली. तो आला तेव्हा सगळे गेल्यावर त्याच्या हातात थैली ठेवली. त्यात शंभर दिरहम होते. दर्स चुकवू नको आणि हे संपले की सांग, अशी ताकीद दिली. याकूब यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, संपले हे सांगायची वेळ कधी आलीच नाही. संपायच्या सुमारास पुढची थैली आपोआप यायची. असं वर्षानुवर्षं चाललं.

हा मुलगा म्हणजे इमाम अबू यूसुफ. खलीफा हारून रशीद यांच्या काळात ते सल्तनतीचे काजी-उल-कुजात, म्हणजे मुख्य न्यायाधीश झाले. महसूल आणि कर यांवरचा त्यांचा 'किताबुल खराज' हा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. हनफी मजहब दूरदूर पसरला त्यात अबू यूसुफ यांचा वाटा फार मोठा. विचार केला तर कापडाच्या नफ्यातली सर्वांत फायद्याची गुंतवणूक हीच ठरली.

आमच्या वर्गातूनही आठवी-नववीला मुलं अचानक दिसेनाशी होतात. कुणी गॅरेजवर, कुणी पावाच्या भट्टीवर, मुली घरकामात. आईबापांना दोष देऊन भागत नाही, घर चालत नसतं. याकूबच्याही घरच्यांची चूक नव्हती. त्या मुलाच्या आयुष्यात फरक पडला तो एका कमावत्या माणसाचं लक्ष रिकाम्या जागेकडे गेलं म्हणून. प्रत्येक मोहल्ल्यात असे कमावते लोक आहेत. रिकामी जागा पाहणारी नजर तेवढी हवी.

पैसा जिथे खरोखर कामी आला

आता त्यांच्या आयुष्यातल्या कठीण भागाकडे वळू. त्या काळातले राज्यकर्ते आलिमांना पदं आणि बक्षिसं देत. त्याबदल्यात आपल्या कारभाराला दीनचा शिक्का मिळावा ही अपेक्षा असे. ज्याचं घर दरबाराच्या वजीफ्यावर चालतं, त्याची जीभ जड होणं साहजिक आहे. इमाम साहेबांचं घर दुकानावर चालत होतं.

उमय्या घराण्याच्या अखेरच्या काळात इराकचा गव्हर्नर इब्ने हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केलं. त्यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून फटके मारण्यात आले, रोज दहा याप्रमाणे एकूण 110 असं सांगतात. त्या माराच्या वेदनेपेक्षा आईला होणाऱ्या दुःखाने त्यांना जास्त त्रास झाला, अशीही रिवायत आहे. सुटका झाल्यावर हिजरी 130 च्या सुमारास ते मक्केला निघून गेले.

इथे एक प्रामाणिक गोष्टही नोंदवायला हवी. मालदार असणं फक्त मोकळीक देतं असं नाही, ते बांधूनही ठेवतं. हिजरी 122 मध्ये हजरत हुसैन (रजि.) यांचे नातू जैद बिन अली यांनी उमय्या राजवटीविरुद्ध उठाव केला. इमाम साहेबांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती, आर्थिक मदतही त्यांनी पाठवली. स्वतः मात्र गेले नाहीत. चरित्रकार जी कारणं देतात त्यांतलं एक असं की लोकांच्या अमानती त्यांच्याकडे ठेवलेल्या होत्या आणि त्या सोपवायला कुणी तयार नव्हतं. कूफ्याचे लोक त्यांच्यावर विश्वास टाकून ठेवी ठेवत. तो विश्वास ही इज्जत होती आणि ओझंही होतं.

हिजरी 132 (इ.स. 750) मध्ये सत्ता अब्बासी घराण्याकडे गेली. दुसरा खलीफा मन्सूर याने हिजरी 145 (इ.स. 762) मध्ये बगदाद शहराची पायाभरणी केली. त्याने इमाम साहेबांना मोठी रक्कम भेट म्हणून देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं की ही रक्कम खलीफाच्या खासगी मालकीची असती तर विचार केला असता, पण ती बैतुलमालची आहे. बैतुलमालवर हक्क सैनिकांचा, अनाथांचा, गरिबांचा, आणि मी यांपैकी कुणीच नाही. पाहा, हा नकार देता यायला आधी गरीब नसणं आवश्यक होतं!

मग काजीपदाचा आग्रह सुरू झाला. इमाम साहेबांनी सांगितलं की मी या पदाला लायक नाही. मन्सूरने संतापून त्यांना खोटं बोलता म्हणून सुनावलं. त्यावर त्यांनी शांतपणे लक्षात आणून दिलं की मग तर प्रश्नच मिटला, खोटं बोलणाऱ्याला काजी कसं करता येईल? दरबारात हजर असलेल्यांना हसू आवरलं की नाही कुणास ठाऊक, पण खलीफा हसला नाही. इमाम साहेबांना कैदेत टाकण्यात आलं. मार पडल्याचं आणि विष दिल्याचंही काही रिवायती सांगतात. हिजरी 150, म्हणजे इ.स. 767 मध्ये, सत्तर वर्षांच्या वयात बगदादला त्यांचा इंतकाल झाला. जनाज्याला एवढी गर्दी लोटली की नमाज पुन्हा पुन्हा पढावी लागली. बगदादच्या ज्या भागात त्यांची कबर आहे तो आज त्यांच्या 'इमाम आझम' या लकबीवरून आझमिया म्हणून ओळखला जातो.

त्याच हिजरी 150 मध्ये इमाम शाफई (रह.) यांचा जन्म झाला. आपले कोकणातले बहुतेक बांधव त्यांच्या मजहबचे. एक दिवा विझला त्या वर्षी अल्लाहने दुसरा लावला.

त्यांच्या दुकानाकडून आपण काय घ्यावं?

पैसा त्यांना कैदेतून सोडवू शकला नाही, हे खरं. पण पैशासाठी त्यांना कधी झुकावं लागलं नाही. या दोन वाक्यांमध्ये आर्थिक स्वावलंबनाचा सगळा अर्थ आहे असं आम्हाला वाटतं. आपली कमाई, आपली बचत, आपला धंदा यांचा खरा उपयोग ज्या दिवशी चुकीच्या गोष्टीला नाही म्हणायची वेळ येते त्या दिवशी कळतो. नोकरीत खोट्या कागदावर सही मागितली जाते तेव्हा, मुलीच्या सासरची मागणी वाढत जाते तेव्हा, गरजेच्या वेळी व्याजाचं कर्ज समोर धरलं जातं तेव्हा. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेला माणूस आणि महिन्याच्या वीस तारखेला हात रिकामा झालेला माणूस, दोघांचं ईमान सारखं असलं तरी दोघांच्या नकारात फरक पडतो.

हेही खरं की सगळ्यांनीच सरकारी पदं टाळावीत असा याचा अर्थ नाही. त्यांच्याच शिष्याने, अबू यूसुफ यांनी, काजीपद स्वीकारलं आणि त्यातून मोठं काम केलं. रस्ते वेगळे असू शकतात. मजबुरीने धरलेला रस्ता आणि विचार करून निवडलेला रस्ता यांतलं अंतर ओळखलं पाहिजे, एवढंच.

म्हणून मुलांना दुनिया चार दिवसांची आहे सांगून पैशापासून पळायला शिकवू नये, आणि काहीही करून कमाव असंही सांगू नये. त्यांना हे सांगावं: हलाल मार्गाने कमाव, मनापासून कमाव. घराला किती पुरे हे एकदा बसून ठरव. त्याच्यावर जे उरेल त्यात कुणाचा तरी वाटा आहे असं समज. आठवड्यातला एक दिवस घरचा राहू दे, आईच्या हट्टालाही वेळ ठेव. आणि शिकणं सोडू नकोस, धंदा कितीही चांगला चालला तरी.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी, त्यात बरकत आणि गरज पडेल तेव्हा ताठ मानेने नाही म्हणण्याची हिंमत देवो. आमीन.